काळ्या वाटणाची खान्देशी शेवभाजी : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पुण्यात आल्यावर पहिल्याच वर्षी एका हॉटेलात शेवभाजी मागवली. टोमॅटोच्या गोडसर लाल ग्रेव्हीवर बारीक शेव भुरभुरलेली वाटी समोर आली. भूक होती म्हणून खाल्ली, पण रात्रभर घरची आठवण येत राहिली. आमच्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात शेवभाजीचा रस्सा काळपट तपकिरी असतो, पातळ असतो, त्यावर लाल तर्री तरंगते आणि पहिल्या घासाला कानशिलं गरम होतात. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे गेलेल्या बहुतेकांनी एखाद्या ढाब्यावर ती खाल्लेली असते आणि मग घरी करून पाहिलेली असते. घरी ती जमत नाही, याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं : वाटण नीट भाजलेलं नसतं, किंवा भाजलेलं वाटण तेलात पुरेसं परतलेलं नसतं. शेव, पाणी, मीठ हे पाच मिनिटांचं काम आहे. आधीचा तासभर सगळा वाटणाचा.

स्वयंपाकाची फारशी सवय नसलेल्यालाही ही भाजी जमते, हे मी भाच्यांना शिकवताना पाहिलं आहे. फक्त पहिल्या वेळी सव्वा ते दीड तास मोकळा ठेवा, आणि पाहुणे यायच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका.

आधी एक घोळ मिटवू

दुकानात ‘काळा मसाला’ मागितला की प्रत्येक गावात वेगळं पाकीट हातात पडतं. पुण्याकडे बऱ्याच घरांत काळा मसाला म्हणजे गोडा मसाला. तो आमटीत आणि भरल्या वांग्यांत छान लागतो, पण या रश्शात घातला तर भाजीला गोडसर आमटीचा वास येतो. सोलापूर-मराठवाड्याचं काळं तिखट आणखी वेगळं. म्हणून पहिल्या वेळी पाकिटाच्या वाटेला जाऊच नका. खाली जे सांगते ते सगळं सुटं मिळतं, आणि एकदा स्वतः भाजून वाटलं की कुठल्या जिनसाचा वास कुठला हे नाकाला कळतं.

काय काय लागेल

चार माणसांच्या बेताने सांगते. मध्यम आकाराचे तीन कांदे, साधारण पाव किलो. सुकं खोबरं ५० ते ६० ग्रॅम, म्हणजे मध्यम खोबऱ्याची अर्धी वाटी. ओला नारळ चालणार नाही. लसणाच्या पंधरा पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर, काड्यांसकट. काड्या टाकून देऊ नका, पानांपेक्षा जास्त वास त्यांना असतो.

खडा मसाला : धणे दोन मोठे चमचे, जिरं एक लहान चमचा, तीळ एक लहान चमचा, मिरे आठ, लवंगा चार, दालचिनीचा इंचभर तुकडा, एक मसाला वेलची (मोठी, काळी), एक तमालपत्र, दगडफुलाच्या दोन-तीन पाकळ्या. लवंग आणि दालचिनी हौसेने वाढवू नका, रस्सा औषधी लागायला लागतो.

दगडफुलाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण नवखी माणसं तेच वगळतात. ते फूल नव्हेच. दगडावर आणि झाडाच्या सालीवर वाढणारं शैवाक आहे, करड्या-काळ्या वाळक्या कागदासारखं दिसतं. कच्चं हुंगलं तर मातीसारखा, लाकडासारखा वास. गरम तेल लागलं की तो वास धुरकट होतो आणि ढाब्याच्या रश्शातलं ‘ते काहीतरी’ म्हणजे पुष्कळदा हेच असतं. फक्त निवडून घ्या, त्यात साली आणि बारीक खडे असतात.

मिरच्या दोन प्रकारच्या. रंगासाठी ब्याडगी सहा. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची ही सुरकुतलेली मिरची रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य. तिखटासाठी लवंगी तीन-चार. लवंगी वाढवायची की कमी करायची हे तुमचं तुम्ही ठरवा, ब्याडगी मात्र कमी करू नका. नंदुरबारला मिरचीची मोठी बाजारपेठ आहे. हंगामात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते आणि रस्त्याने जातानाच नाक झोंबतं. तिकडच्या कुणाकडून मिरची मिळाली तर जरूर आणा, पण तिचं तिखट आधी अंदाजून घ्या.

याखेरीज हळद, मीठ, लाल तिखटाची एक चमचा बुकणी आणि शेंगदाण्याचं तेल. तेल सहा मोठे चमचे. वाचून दचकू नका. तिखटाचा झणका आणि मिरचीचा रंग, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात नाही. तेलात हात आखडला तर तर्री येत नाही आणि तिखट नुसतं घशाला टोचतं. खाताना तर्री बाजूला काढता येते. करताना ती हवीच.

शेव जाड घ्या, पेन्सिलीच्या शिशापेक्षा जाड, ओवा आणि तिखट घातलेली. आमच्याकडे दुकानात नुसतं ‘भाजीची शेव’ म्हटलं की मिळते. चार जणांना २०० ग्रॅम पुरते. भेळेवरची नायलॉन शेव आणलीत तर अर्ध्या मिनिटात तिचं पिठलं होईल.

भाजणं

खिडकी उघडा, पंखा लावा, लहान मुलं जवळपास असतील तर त्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

कांद्यापासून सुरुवात, कारण त्याला वेळ लागतो. गॅसवर जाळी ठेवून सालासकट अख्खे कांदे मध्यम आचेवर ठेवा. चिमट्याने फिरवत राहा. दहा-बारा मिनिटांत बाहेरची साल कोळशासारखी काळी होते, आतला कांदा मऊ पडतो आणि दाबला की खालून रस गळतो. माझी आजी यावल तालुक्यातल्या तिच्या घरी चुलीतल्या निखाऱ्यात कांदे पुरायची, भाकऱ्या होईपर्यंत विसरून जायची, आणि राख झटकून काढायची. गॅसवर तो धूर पूर्ण येत नाही, पण बराचसा येतो. थंड झाल्यावर जळकी साल काढा, डाग राहिले तर राहू द्या. इंडक्शन असेल तर कांदे उभे चिरून लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात वीस मिनिटं भाजा. गुलाबी झाल्यावर थांबायचं नाही. तपकिरीच्या पुढे, कडा काळसर होईपर्यंत जायचं. कांद्यातली साखर तपकिरी होते तेव्हाच रश्शाला तो खोल, किंचित गोड आणि खरपूस पाया मिळतो.

आता खोबरं. या पायरीला लोक घाबरतात, म्हणून जवळून सांगते. वाटीचा तुकडा चिमट्यात धरा आणि पाठीकडची तपकिरी बाजू आधी ज्योतीवर धरा. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग घामेजल्यासारखा चमकायला लागतो, ते खोबऱ्याचं तेल. मग बारीक चर्रर्र आवाज येतो, कडेला एक थेंब फुगतो आणि तिथेच पिवळी ज्योत धरते. खोबरं स्वतः पेटलेलं असतं. चिमटा गॅसवरून बाजूला घ्या, चार आकडे मोजा, फुंकर मारून विझवा. निळसर धूर निघेल आणि त्याचा वास आला की कुठल्याही खान्देशी माणसाला आज घरी काय आहे ते विचारावं लागत नाही. तुकडा उलटा करून आतली पांढरी बाजू तशीच भाजा. शेवटी कडा काळ्या, बाकीचं गडद तपकिरी आणि मधे कुठेकुठे पांढुरकं, एवढं झालं की पुरे. सगळंच काळं झालं तर कडू. राखेसारखा भुसभुशीत भाग सुरीने खरवडून टाका आणि गार झाल्यावर पातळ काप करा. ज्योतीवर जमत नसेल तर काप करून तव्यावर कोरडेच भाजा. चव थोडी कमी उतरेल, पण भाजी बिघडणार नाही.

खडा मसाला तव्यावर, मंद आचेवर. सगळं एकदम टाकू नका, प्रत्येकाची वेळ वेगळी. आधी धणे, मिरे, लवंग, दालचिनी, वेलची आणि तमालपत्र. धण्यांचा रंग एक छटा बदलला की जिरं. जिऱ्याचा वास आला की तीळ. तीळ तडतडले की लगेच ताटलीत काढा, कारण तवा गरम असतो आणि मसाला गॅस बंद केल्यावरही भाजत राहतो. त्याच तव्यात तेलाचे चार थेंब टाकून दगडफूल, मोजून दहा सेकंद.

मिरच्या सगळ्यात शेवटी. गॅस बंद करा, तव्यावर लहान चमचाभर तेल, त्यात देठ काढलेल्या मिरच्या, आणि उरलेल्या गरमीवरच हलवा. वीस-तीस सेकंदांत त्या फुगतात, चकाकतात आणि रंग अधिक गडद लाल होतो. तेवढ्यावर काढा. कांदा काळा चालतो, खोबरं काळं चालतं, मिरची काळी अजिबात चालत नाही. एकदा फोन घ्यायला गेले आणि मिरच्या मिनिटभर जास्त राहिल्या. बाकी सगळं मनासारखं भाजलेलं होतं म्हणून त्याच वापरल्या. त्या दिवशीचा रस्सा गूळ घालूनही कडू राहिला आणि सहा माणसांसमोर नुसता ठेचा-भाकरी वाढावी लागली. करपली तर टाका, चार मिरच्यांचा जीव मोठा नाही.

याच तव्यावर लसूण आणि आलं दोन मिनिटं डाग पडेपर्यंत फिरवा. कोथिंबीर कच्चीच ठेवा.

वाटणं

सगळं पूर्ण गार होऊ द्या. गरम मिक्सरमध्ये घातलं तर वाफ कोंडून झाकण उडतं.

आधी खडा मसाला आणि मिरच्या कोरड्याच, बारीक पूड होईपर्यंत. मग त्यातच खोबरं, तेही पाण्याशिवाय. खोबऱ्यातून तेल सुटतं आणि मसाला भांड्याच्या कडांना चिकटायला लागतो. चमच्याने खरवडून पुन्हा फिरवा. त्यानंतर कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर. कांद्याला स्वतःचं पाणी असतंच, म्हणून वरून पाणी घालायचं ते दोन-तीन चमचेच, अडलं तरच. सुरुवातीलाच पाणी घातलं की मसाला पाण्यावर तरंगतो आणि खोबऱ्याचे कण तसेच राहतात.

झालं की नाही ते बोटांनी पाहा. चिमूटभर वाटण अंगठा आणि तर्जनीत चोळा. रवाळ लागलं तर अजून फिरवायचं, लोण्यासारखं सरकलं तर झालं. रंग ओल्या काळ्या मातीसारखा यायला हवा. पाटा-वरवंटा असेल तर काय सांगावं! दगडावर मसाला चिरडला जातो, मिक्सरचं पातं तो कापतं, आणि हा फरक जिभेला कळतो. पण पाटा नाही म्हणून भाजी अडवून ठेवू नका.

परतणं

लोखंडी कढई असेल तर ती, नाहीतर जाड बुडाचं पातेलं. तेल तापवा, आच मंद करा, लाल तिखटाची बुकणी टाका आणि ताबडतोब, अगदी दुसऱ्या हाताने, सगळं वाटण टाका. बुकणी तेलात एकटी पाच सेकंदांपेक्षा जास्त राहिली तर करपते. हळद आणि अर्धा चमचा मीठ घाला. शेवेत मीठ असतंच, उरलेलं शेवटी चव घेऊन.

आता बारा ते पंधरा मिनिटं कढईसमोरून हलायचं नाही. पहिली तीन-चार मिनिटं वाटण फसफसतं, वाफ निघते, तेल सगळं आत शोषलं जातं आणि कढई कोरडी दिसते. इथे बहुतेक जण घाबरून पाणी ओततात. तिथेच भाजी हातची जाते, वाटणातलं पाणी उडायचं बाकी असतं. मंद ते मध्यम आचेवर, तळापासून खरवडत, परतत राहा. बुडाला लागायला लागलं तर दोन चमचे गरम पाणी शिंपडा, तेवढंच. सातव्या-आठव्या मिनिटाला लसणाचा कच्चा उग्र वास जातो. दहाव्याच्या आसपास वाटण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागतं, रंग आणखी गडद होतो, आणि मग कडेने बारीक बुडबुडे करत तेल परत बाहेर येतं. उलथन्याने वाटणाच्या मधोमध एक रेघ ओढा. त्या चरात तेल झिरपून जमा झालं तर वाटण तयार. रेघ कोरडी राहिली तर अजून दोन मिनिटं.

परतण्यात एकदा केलेली घाई पुढे कशानेही भरून निघत नाही.

रस्सा

वाटण परतत असतानाच शेजारच्या शेगडीवर सव्वा लिटर पाण्याला आधण ठेवा. पाणी कडकडीतच हवं. गार पाणी ओतलं की कढई एकदम निवते, सुटलेलं तेल आकसून बसतं आणि तर्री वर यायला फार वेळ घेते. आधी वाटीभर पाणी घालून वाटण सारखं कालवून घ्या, गुठळ्या मोडा, मग उरलेलं ओता. खळखळून एक उकळी आली की आच मंद करा, झाकण अर्धवट ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं रटरटू द्या. मोठ्या आचेवर उकळत ठेवलं तर तेल रश्शातच घोटलं जातं. मंद आचेवर ते सावकाश वर येतं. झाकण काढल्यावर कडेपासून मध्याकडे लाल तवंग धरलेला दिसेल.

रस्सा तुम्हाला पातळ वाटेल, आणि तो तसाच हवा, कारण शेव पाणी पिते. गॅस बंद करून दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग मीठ पाहा. चव घेताना पहिल्यांदा जिभेवर मिरची येते आणि नंतर घशात उतरताना एक वेगळी, उशिराची ऊब जाणवते, ती मिऱ्यांची. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, त्याआधी तिखटाची भिस्त बरीचशी मिऱ्यांवरच होती. दोन्ही तिखटं या एका वाटीत शेजारी बसतात, हे मला फार आवडतं.

टोमॅटो मी घालत नाही. घालणारे घालतात, पण भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या धुरकट चवीवर तो आंबटपणा चढून बसतो. आंबट हवं त्याने पानात लिंबू पिळावं.

शेव घालणं

पातेल्यात शेव घालू नका. खाणारे पानावर बसले की वाटीत आधी मूठभर शेव घ्या, वरून उकळता रस्सा पळीने ओता, शेवटी थोडी तर्री. मिनिटभर थांबा. वरची शेव अजून कुरकुरीत, खालची मऊ, अशा वेळी खायला घ्यायची. दुसऱ्यांदा घेताना पुन्हा कोरडी शेव, पुन्हा गरम रस्सा. सोबत ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, हाताने फोडलेला कांदा, लिंबू. पोळीशीही चालते, पण भाकरी रस्सा जास्त धरते.

बिघडलं तर

फार तिखट झालं तर नुसतं पाणी वाढवू नका, चव पातळ होते आणि तिखट तेवढंच राहतं. दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. पानात दही घ्या. दुधातलं प्रथिन मिरचीचं तिखट जिभेवरून उचलतं, पाणी ते करत नाही. तर्री आली नाही तर तेल कमी पडलं किंवा परतणं कमी पडलं; लहान कढल्यात दोन चमचे तेल तापवून, किंचित निवल्यावर अर्धा चमचा ब्याडगीची बुकणी घालून वरून ओता. रूप सुधारेल, चव थोडी. कच्चट वास येत असेल तर झाकण काढून अजून पंधरा मिनिटं उकळा. कडू झालं असेल तर मिरची करपलेली आहे, आणि त्याला खरंच उपाय नाही.

उरलेल्या वाटणाचं

हात बसला की वाटण दुप्पट करा. तेलात पूर्ण परतून, गार करून, कोरड्या काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ठेवता येतं. बाहेर ठेवू नका, त्यात लसूण आणि कांदा आहे. बर्फाच्या साच्यात गोठवलं तर महिनाभर हाताशी राहतं, एका माणसाच्या भाजीला तीन वड्या. याच वाटणात उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी, वांगी किंवा बेसनाच्या पाटोड्या घाला. चिकन करायचं तर तुकडे परतलेल्या वाटणात पाच मिनिटं परतून मग आधण घाला आणि शिजेपर्यंत झाकून ठेवा. रस्सा थोडा दाट ठेवा, इथे पाणी प्यायला शेव नसते.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. गरम करताना मंद आचेवर ठेवा, फार दाट वाटला तर कडकडीत पाणी घाला, आणि शिळी भाकरी त्यात कुस्करून पाच मिनिटं झाकून ठेवा.